मेगट्रॉन ६ लॅमिनेट : माल अव्वल, पण ऑर्डरमध्ये नुसतं नाव लिहून डेसिबल वाचत नाहीत

हाय-स्पीड सर्किट बोर्डचं काम करणाऱ्या प्रत्येक टीममध्ये एक दिवस हा प्रश्न येतोच: नेहमीच्या काच-इपॉक्सीच्या एफआर-४ वर भागेल का, की लॅमिनेट, म्हणजे बोर्ड ज्याचा बनतो ते मटेरियल, बदलायचं? बदलायचं ठरलं की पहिलं नाव निघतं ते पॅनासॉनिकच्या मेगट्रॉन ६ चं. कोअरचा (तांबं चढवलेल्या पक्क्या पत्र्याचा) क्रमांक आर-५७७५, प्रीप्रेगचा (थर चिकटवणाऱ्या, रेझिनमध्ये भिजवलेल्या कापडाचा) आर-५६७०. सर्व्हर, स्विच, स्टोरेज, टेस्टरचे लोडबोर्ड, सेकंदाला २५ गिगाबिटच्या लेन (सिग्नलच्या वाटा) असलेली कार्डं या सगळ्यांत ते इतकं रुळलं आहे की फॅबवाले (बोर्ड बनवणारे कारखानदार) इतर कंपन्यांचे लॅमिनेटही 'मेगट्रॉन ६ वर्गातले' म्हणूनच ओळखतात.

आमचं मत आधीच सांगतो. लॅमिनेट उत्तम आहे, डेटाशीटमधले आकडे बोर्डवर मिळतात आणि कारखान्यातही ते फारसं रडवत नाही. पण त्याच्यासाठी मोजलेल्या पैशांतला बराच भाग फॉइल (तांब्याचा पातळ पत्रा), काचेचं कापड, ऑक्साइड (तांब्यावरची चिकटवण प्रक्रिया) आणि व्हाया (थर जोडणारी, तांब्याने मढवलेली भोकं) या चार गोष्टींत वाया जाऊ शकतो. त्या फॅब नोटमध्ये (कारखान्याला द्यायच्या सूचनांत) लिहिल्या नाहीत तर महागडा बोर्ड हातात येतो आणि आय डायग्राम (सिग्नल किती स्वच्छ पोहोचला ते दाखवणारा आलेख) जेमतेम उघडा राहतो. म्हणून या परीक्षणात लॅमिनेटइतकंच त्याच्या ऑर्डरबद्दल लिहिलं आहे.

आकडे आणि त्यांचा अर्थ

मेगट्रॉन ६ चं रेझिन पॉलिफेनिलीन ईथर जातीचं आहे, साध्या एफआर-४ सारखं इपॉक्सी नाही. त्याचे दोन प्रकार मिळतात. आर-५७७५(के) मध्ये नेहमीची ई-ग्लास असते आणि १ गिगाहर्ट्झला डीके (परावैद्युतांक) ३.७ च्या आसपास राहतो. आर-५७७५(एन) मध्ये कमी डीकेची काच असते आणि डीके ३.४ पर्यंत उतरतो. दोन्हींचा डीएफ (लॅमिनेट सिग्नलची किती ऊर्जा खातं त्याचं माप) १ गिगाहर्ट्झला ०.००२ आहे, १२-१३ गिगाहर्ट्झला तो ०.००४ च्या घरात जातो. टीजी (रेझिन मऊ पडू लागण्याचं तापमान) १८५ अंश सेल्सिअस, विघटनाचं तापमान ४१० अंश. लेड-फ्री रिफ्लोच्या (भट्टीत सोल्डर करण्याच्या) चार-पाच फेऱ्या त्याला जड जात नाहीत.

तुलनेला आयसोला ३७०एचआर घेऊ. हे चांगलं, भरवशाचं, हाय-टीजी एफआर-४ आहे. डीके ४ च्या आसपास, डीएफ सुमारे ०.०२१. म्हणजे डीएफमध्ये पाचपटीहून जास्त फरक. आता हा फरक डेसिबलमध्ये किती होतो ते पाहायचं. डायइलेक्ट्रिक लॉसचं (लॅमिनेटने खाल्लेल्या सिग्नलचं) कागदावर करता येणारं सूत्र असं: २.३ × गिगाहर्ट्झ × डीएफ × डीकेचं वर्गमूळ. उत्तर डेसिबल प्रति इंचमध्ये येतं. पीसीआय एक्सप्रेस ४.० ची नायक्विस्ट वारंवारता (डेटाच्या वेगाच्या निम्मी) ८ गिगाहर्ट्झ. तिथे ३७०एचआरला ०.७७ येतं आणि मेगट्रॉन ६(एन) ला ०.१३ ते ०.१४.

सहापट फायदा झाला असं इथे वाटतं, आणि पुष्कळ हिशेब इथेच थांबतात. पण तांब्याचा लॉस अजून धरलेलाच नाही. ५ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) रुंदीच्या ५० ओहमच्या स्ट्रिपलाइनला (दोन प्लेनच्या, म्हणजे सलग तांब्याच्या थरांच्या, मधून जाणाऱ्या ट्रेसला) ८ गिगाहर्ट्झवर अगदी गुळगुळीत तांबं धरलं तरी इंचाला पाव डेसिबलच्या वर लॉस येतो. नेहमीच्या आरटीएफ (उलट बाजूवर प्रक्रिया केलेल्या) फॉइलचा खडबडीतपणा धरला की तो ०.४० च्या आसपास जातो, एच-व्हीएलपी (अतिशय गुळगुळीत) फॉइलला ०.३० च्या. आता बेरीज: एफआर-४ आणि आरटीएफ मिळून सुमारे १.२ डेसिबल प्रति इंच. मेगट्रॉन ६ आणि आरटीएफ मिळून ०.५३. मेगट्रॉन ६ आणि एच-व्हीएलपी मिळून ०.४४.

म्हणजे एफआर-४ वर दोन तृतीयांश लॉस डायइलेक्ट्रिकचा होता, मेगट्रॉन ६ वर गेल्यावर जवळजवळ तीन चतुर्थांश लॉस तांब्याचा झाला. एफआर-४ वर काम करताना अंगवळणी पडलेल्या सवयी इथे अपुऱ्या पडतात त्या याच कारणाने. एफआर-४ वर ट्रेस ४ मिलचा ६ मिल केला तर एकूण लॉसमध्ये फारसा फरक पडत नाही. मेगट्रॉन ६ वर तोच बदल तांब्याच्या लॉसमधला पाव ते तिसरा हिस्सा खाऊन टाकतो. (एन) प्रकाराची खरी मेखही यातच आहे. डीके कमी, म्हणून त्याच जाडीच्या डायइलेक्ट्रिकवर त्याच इम्पिडन्सला (सिग्नलला वाटेत जाणवणाऱ्या विरोधाला) ट्रेस थोडा रुंद ठेवता येतो. (के) आणि (एन) यांच्या डीएफमध्ये फरक नाही म्हणून (के) घेणारे हा फायदा सोडून देतात.

फॉइल : फॅब नोटमधली सर्वांत महागडी गाळलेली ओळ

तांब्यातला प्रवाह ८ गिगाहर्ट्झला पृष्ठभागाच्या फक्त ०.७३ मायक्रॉन खोलीतून वाहतो. १६ गिगाहर्ट्झला ही स्किन डेप्थ ०.५२ मायक्रॉन होते. साध्या एचटीई फॉइलच्या खडबडीत बाजूचे दात ६ ते १० मायक्रॉन उंच असतात. प्रवाहाला त्या दातांच्या चढउतारावरून जावं लागतं, वाट लांबते, लॉस वाढतो. रेझिनला तांबं घट्ट धरून राहावं म्हणून हे दात मुद्दाम उगवलेले असतात, त्यामुळे दोष कुणाचा नाही. पण ८ गिगाहर्ट्झच्या वर एचटीई फॉइल चालणार नाही, हे बोर्ड बनवणाऱ्याला स्पष्ट लिहून द्यावं लागतं. एच-व्हीएलपीचा खडबडीतपणा २ मायक्रॉनच्या आत असतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि ती बहुतेक स्टॅकअप (थरांची रचना) चर्चांमध्ये निघतच नाही. कोअरवर आलेल्या फॉइलला दोन बाजू असतात. कोअरला चिकटलेली बाजू लॅमिनेट बनवणाऱ्याकडून ठरून येते. दुसरी, वरची बाजू फॅबच्या हातात असते. एचिंग झाल्यावर आणि प्रेसमध्ये जाण्याआधी त्या बाजूवर ऑक्साइड किंवा त्याला पर्यायी रसायनाची प्रक्रिया होते, कारण प्रीप्रेगला तिथे चिकटायचं असतं. नेहमीची प्रक्रिया तांबं १ ते १.५ मायक्रॉन कुरतडते. घेतलं एच-व्हीएलपी, आणि त्याची एक बाजू कारखान्यानेच पुन्हा खडबडीत करून ठेवली. स्ट्रिपलाइनमध्ये प्रवाह दोन्ही बाजूंनी वाहतो, म्हणजे निम्मा फायदा तिथेच संपला. उपाय आहे: तांबं जवळजवळ न कुरतडता रासायनिक बंधाने चिकटवणाऱ्या प्रक्रिया बाजारात आहेत. फॅबकडे ती लाइन आहे का, आणि तुमच्या जॉबला ती वापरणार का, हे कोट मागतानाच विचारायचं. ऑर्डर गेल्यावर विचारून उपयोग नाही.

मेगट्रॉन ७ चा डीएफ मेगट्रॉन ६ च्या साधारण निम्मा आहे. ८ गिगाहर्ट्झला त्याने इंचामागे ०.०७ डेसिबल वाचतात. आरटीएफवरून एच-व्हीएलपीवर गेलं तर ०.१० वाचतात. फॉइल न बदलता वरच्या पायरीचं लॅमिनेट मागवणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

गुळगुळीत फॉइलची किंमत पकडीत मोजावी लागते. मेगट्रॉन ६ वर एच-व्हीएलपीची पील स्ट्रेंग्थ (तांबं सोलून काढायला लागणारी ताकद) ०.८ किलोन्यूटन प्रति मीटरच्या आसपास असते, खडबडीत फॉइल लावलेल्या एफआर-४ पेक्षा चांगलीच कमी. कनेक्टर दोनदा काढून लावला की पॅड उचलले जाण्याची शक्यता वाढते. म्हणून रिवर्क होणार हे ठाऊक असलेल्या प्रोटोटाइपमध्ये बाहेरच्या थरांवर आरटीएफ आणि आतल्या हाय-स्पीड थरांवर एच-व्हीएलपी असा भेद करणं शहाणपणाचं. लांब लेन आत, कनेक्टरचे पॅड बाहेर.

कापडाच्या विणीतून येणारा स्क्यू

लॅमिनेट म्हणजे काचेचं कापड आणि रेझिन. ई-ग्लासचा डीके ६ च्या वर, रेझिनचा ३ च्या खाली. १०६ किंवा १०८० (हे कापडाचे क्रमांक) सारख्या विरळ विणीत धाग्यांमध्ये रेझिनच्या खिडक्या राहतात. डिफरेन्शियल जोडीतली (एकच सिग्नल सुलट आणि उलट नेणाऱ्या दोन तारांतली) एक तार धाग्यावरून आणि दुसरी खिडकीवरून गेली तर दोघींचा वेग वेगळा होतो. लांबी मिलच्या हिशेबात जुळवलेली असूनही सिग्नल मागेपुढे पोहोचतात. हाच स्क्यू.

याचा परिणाम लॉसच्या रूपातच दिसतो, हे लक्षात घ्यायला हवं. समजा इंचाला ५ पिकोसेकंदांचा स्क्यू पडला आणि ट्रेस ६ इंचांचा आहे. एकूण ३० पिकोसेकंद. मुळात उलट असलेले दोन तारांवरचे सिग्नल बरोबर एकसारखे होऊन जोडीचा सिग्नल खोडला जातो ती वारंवारता म्हणजे १ भागिले स्क्यूची दुप्पट, १६.७ गिगाहर्ट्झ. पीसीआय एक्सप्रेस ५.० ची नायक्विस्ट १६ गिगाहर्ट्झ. इन्सर्शन लॉसच्या (वाटेत एकूण गेलेल्या सिग्नलच्या) आलेखात नेमक्या त्याच जागी खड्डा पडतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं लॅमिनेट खराब निघालं. त्यात ही चूक प्रत्येक बोर्डवर सारखी नसते. कापड कुठे बसलं त्यावर ती अवलंबून, त्यामुळे दहा बोर्डांत दोन नापास आणि आठ पास असं होतं, आणि आठवडे डीबगमध्ये जातात.

(एन) प्रकारात काचेचाच डीके कमी असल्यामुळे काच आणि रेझिन यांतली दरी अरुंद होते, स्क्यू कमी होतो. (एन) घेण्याचं हे दुसरं सबळ कारण. त्याबरोबर १०३५, १०६७, १०७८ अशी पसरट विणीची कापडं मागायची. त्यांचे धागे चपटे करून खिडक्या जवळजवळ बुजवलेल्या असतात. तरीही लांब लेन असतील तर पॅनेलवर (कारखाना ज्यातून बोर्ड कापतो त्या मोठ्या पत्र्यावर) बोर्ड १० अंशांत फिरवून घ्यावा, किंवा ट्रेस थोड्या तिरक्या नागमोडी वळणांनी न्यावेत. बोर्ड फिरवल्याने पॅनेलवर कमी नग बसतात आणि भाव वाढतो. नागमोडी रूटिंग फुकट आहे पण लेआउट करणाऱ्याचा वेळ खातं. २५ गिगाबिटपर्यंत, ५-६ इंचांच्या आत, पसरट वीण आणि (एन) एवढ्यावर सहसा काम होतं.

आणखी एक. डेटाशीटच्या पहिल्या पानावरचा डीके सिम्युलेटरमध्ये टाकू नका. १०३५ कापडात रेझिन जास्त, २११६ मध्ये कमी, म्हणून एकाच नावाच्या लॅमिनेटचा डीके कापडाप्रमाणे बदलतो. पॅनासॉनिक प्रत्येक कापड, जाडी आणि रेझिनच्या प्रमाणानुसार वेगळे तक्ते देतं. तेच वापरायचे. खडबडीत तांब्याच्या लॉससाठी हॅमरस्टॅडचं जुनं मॉडेल जास्त खडबडीतपणाला दुपटीवर जाऊन अडतं. १० गिगाहर्ट्झच्या वर हुरेचं मॉडेल वापरलेलं बरं.

व्हाया : लॅमिनेट काहीही असो, हा खड्डा तुमचाच

२.४ मिलिमीटर जाडीचा १८ थरांचा बोर्ड घ्या. सिग्नल वरून शिरला आणि तिसऱ्या थरावर बाहेर पडला तर खाली सुमारे २.१ मिलिमीटरचा स्टब (व्हायाचा न वापरलेला तुकडा) लटकत राहतो. पाव तरंगलांबीच्या हिशेबाने त्याचा रेझोनन्स १९ गिगाहर्ट्झच्या जवळ येतो. पॅड आणि प्लेनची कपॅसिटन्स धरली की तो आणखी खाली, १५-१६ पर्यंत सरकतो. पुन्हा तोच १६ गिगाहर्ट्झ. इंचाइंचाला दशांश डेसिबल वाचवायचा आणि एका व्हायात कित्येक डेसिबल घालवायचे, असा हा प्रकार.

पहिला उपाय फुकटचा. वरून आलेली हाय-स्पीड लेन खालच्या थरांवर न्या. १६ व्या थरावर नेली की स्टब पाव मिलिमीटरच्या आसपास उरतो. सगळ्या लेन तिथे मावत नसतील तर बॅकड्रिल, म्हणजे स्टब मागच्या बाजूने मोठ्या ड्रिलने काढून टाकणं. मूळ ड्रिल ०.२५ मिलिमीटरचं असेल तर बॅकड्रिल ०.४५ चं धरा, उरलेला स्टब ०.२५ पर्यंत चालेल, आणि ज्या थराला ड्रिल लागता कामा नये तो थर फॅब नोटमध्ये क्रमांकाने लिहा. 'स्टब काढा' एवढं पुरत नाही. खोलीतली चूक दहाव्या हिश्शाच्या मिलिमीटरची धरावी लागते, म्हणून थरांमधलं अंतर फार कमी असलेल्या जागी बॅकड्रिल ठेवू नये. बॅकड्रिलच्या वाढलेल्या व्यासापासून शेजारचे ट्रेस आणि प्लेन पुरेसे लांब आहेत का हे डीआरसीमध्ये (लेआउटच्या नियम-तपासणीत) वेगळा नियम घालून तपासा. नेहमीचा नियम मूळ ड्रिलचा व्यास पाहतो, म्हणून ही चूक सुटून जाते.

बाकी नेहमीचंच: न जोडलेल्या थरांवरचे पॅड काढा, अँटिपॅड (व्हायाभोवतीची प्लेनमधली मोकळी जागा) मोठा ठेवा, प्रत्येक जोडीच्या व्हायांशेजारी १ मिलिमीटरच्या आत ग्राउंडच्या दोन व्हाया. पीसीआय एक्सप्रेसच्या २२० नॅनोफॅरडच्या कपलिंग कपॅसिटरसाठी ०२०१ आकार घ्या आणि त्याच्या पॅडखालचं लगतचं प्लेन कापा, नाहीतर तिथे इम्पिडन्स खाली बसतो.

बाहेरचे थर, सोल्डर मास्क आणि निकेल

मायक्रोस्ट्रिपवर (बाहेरच्या थरावरच्या ट्रेसवर) सोल्डर मास्कचा (वरच्या संरक्षक लेपाचा) डीएफ लॅमिनेटपेक्षा कितीतरी जास्त असतो. मेगट्रॉन ६ वर तो चांगलाच जाणवतो. म्हणून काही जण ट्रेसवरचा मास्क उघडा ठेवतात. फिनिश एनिग (निकेलवर सोन्याचा मुलामा) असेल तर ही युक्ती उलटते. मास्क झाकलेल्या ट्रेसवर निकेल चढतच नाही, कारण फिनिश मास्कनंतर होतं. मास्क उघडला की त्या सबंध ट्रेसवर निकेल बसतं. निकेलचा विद्युत विरोध तांब्याच्या कित्येक पट, आणि वर ते चुंबकीय. मास्कमुळे जात होतं त्यापेक्षा जास्त निकेल खातं. मास्क उघडायचाच असेल तर इमर्शन सिल्व्हर घ्या. आमचा सल्ला त्याहून साधा: लांब लेन स्ट्रिपलाइनमध्ये ठेवा, बाहेर फक्त कनेक्टरजवळचा तुकडा येऊ द्या.

हे लॅमिनेट कधी घेऊ नये

पीसीआय एक्सप्रेस ४.० मध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २८ डेसिबल लॉस चालतो. त्यातले ८ ॲड-इन कार्डाचे, सुमारे ५ प्रोसेसरच्या पॅकेजचे, दीड कनेक्टरचा. मदरबोर्डला उरले साडेतेरा. ३७०एचआरवर १.२ च्या हिशेबाने ११ इंच. व्हाया, इम्पिडन्सचा फेर आणि उष्णता धरून ८-९ इंच समजा. उष्णता सोडून चालत नाही. २५ चे ८५ अंश झाले की तांब्याचा रोध सुमारे २४ टक्के वाढतो आणि स्किन इफेक्टमुळे लॉस ११ टक्के. एफआर-४ मध्ये रेझिनचा डीएफसुद्धा तापमानाबरोबर वाढतो, तो वेगळा.

म्हणजे ६ इंचांच्या चौथ्या पिढीच्या लेनसाठी मेगट्रॉन ६ घेणं ही उधळपट्टी आहे. १० ते १४ इंचांसाठी मधल्या पायरीचं लॅमिनेट, उदाहरणार्थ आयसोला एफआर४०८एचआर, डीएफ ०.००९ च्या आसपास, ८ गिगाहर्ट्झला इंचाला ०.७ डेसिबल. याच्या पुढे किंवा पाचव्या पिढीला मेगट्रॉन ६ ची पाळी येते. पाचव्या पिढीत एकूण मुभा ३६ डेसिबलची, त्यातून ९ पॅकेजचे, साडेनऊ कार्डाचे आणि दीड कनेक्टरचा वजा जाता १६ उरतात. १६ गिगाहर्ट्झला एफआर-४ इंचामागे २.२ खातो, ७ इंचांतच खेळ संपतो. मेगट्रॉन ६ एच-व्हीएलपीसह ०.७ ते ०.७५, आरटीएफसह ०.८७ च्या आसपास. १५ इंचांच्या लेनवर फॉइलचा हा फरक २ डेसिबलचा होतो.

युएसबी ३ ची ५ गिगाबिटची लेन, गिगाबिट इथरनेट, साध्या कॅमेरा मोड्यूलची जोडणी यांना एफआर-४ पुरे. डीडीआरसाठीही हे लॅमिनेट मागवू नका. तिथे ट्रेस आखूड असतात आणि त्रास परावर्तनाचा व क्रॉसटॉकचा असतो, लॉसचा नाही.

लॅमिनेटऐवजी रिटायमर हा पर्याय बरेच जण विचारतात. रिटायमर सिग्नल नव्याने उभा करतो, लॉसचा हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो, आणि चौथ्या पिढीपासून एका लिंकमध्ये दोन रिटायमर चालतात. पण १६ लेनना तो कित्येक वॉट घेतो, लेटन्सी वाढवतो, आणि फर्मवेअरमध्ये आणखी एक चिप सांभाळावी लागते. एकच लेनसमूह लांब असेल, बाकी बोर्ड साधा असेल, तर एफआर-४ आणि एक रिटायमर स्वस्त पडतो. अर्ध्याहून जास्त लेन लांब असतील तर लॅमिनेट घ्या.

किमतीचं म्हणाल तर लॅमिनेटचा भाव साध्या एफआर-४ च्या कित्येक पट आहे, आणि हवं ते कापड व फॉइल साठ्यात नसेल तर वाट पाहावी लागते. म्हणून पुष्कळ जण हायब्रिड स्टॅकअप करतात: हाय-स्पीड थरांना मेगट्रॉन ६, पॉवर आणि संथ सिग्नलना हाय-टीजी एफआर-४. हे जमतं, पण स्टॅकअप मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखा हवा, नाहीतर रिफ्लोमध्ये बोर्ड वाकतो. दोन रेझिनना एकाच प्रेस सायकलमध्ये बसवावं लागतं, त्यामुळे फॅबने हेच जोडपं आधी केलेलं आहे का, हे विचारा. ८ थरांच्या आत हायब्रिडने फारसं वाचत नाही, सरळ पूर्ण मेगट्रॉन करा.

कारखान्यात या रेझिनचा एक स्वभाव सांभाळावा लागतो. ते रसायनांना सहजासहजी दाद देत नाही. ड्रिल केल्यावर भोकात राहिलेला रेझिनचा लेप नेहमीच्या परमँगनेटने पुरता निघाला नाही तर आतल्या तांब्याशी प्लेटिंगचा जोड कच्चा राहतो. अनुभवी फॅब त्याआधी प्लाझ्मा करतात. पावसाळ्यात पुण्या-मुंबईच्या हवेत ओलं झालेलं प्रीप्रेग किंवा उघडा पडलेला इनर लेयर प्रेसमध्ये गेला तर रिफ्लोच्या वेळी थर सुटतात. प्रीप्रेगची साठवण, त्याची मुदत आणि प्रेसआधीचं बेकिंग यांची नोंद मागायला संकोच करू नये.

ऑर्डर कशी लिहावी आणि माल कसा तपासावा

फॅब नोटमधली 'मेगट्रॉन ६ किंवा समतुल्य' ही ओळ काढून टाका. समतुल्य कशात, टीजीत की डीएफमध्ये, हे त्यात कुठे येत नाही. आम्ही सुचवतो ती नोट अशी: कोअर आर-५७७५(एन), प्रीप्रेग आर-५६७०(एन). थर ३, ५, १४ आणि १६ ला एच-व्हीएलपी फॉइल, दोन्ही बाजू. आतल्या थरांना न कुरतडणारी चिकटवण प्रक्रिया. हाय-स्पीड थरांलगत फक्त १०३५ किंवा १०७८ कापड, १०६ आणि १०८० चालणार नाही. लेखी मंजुरीशिवाय लॅमिनेट, कापड किंवा फॉइल यांत बदल नको. डिफरेन्शियल इम्पिडन्स ८५ ओहम, अधिक-उणे ८ टक्के. इन्सर्शन लॉस ८ गिगाहर्ट्झला इंचाला ०.५० डेसिबलपेक्षा जास्त नको, प्रत्येक पॅनेलवरच्या कूपनवर (चाचणीसाठीच्या तुकड्यावर) मोजून.

यातली शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. नुसत्या टीडीआर (परावर्तनावरून इम्पिडन्स मोजणाऱ्या) कूपनवर इम्पिडन्स कळतो, लॉस कळत नाही. आरटीएफ लावलेला बोर्ड आणि एच-व्हीएलपी लावलेला बोर्ड टीडीआरवर सारखेच पास होतात. इंटेलची डेल्टा-एल पद्धत यासाठी सोपी पडते. एकाच थरावर, एकसारख्या व्हायांसह दोन लांबीचे ट्रेस काढा, ५ इंच आणि १० इंच. दोन्हींचा लॉस मोजून वजाबाकी करा, व्हाया आणि प्रोबचा लॉस आपोआप निघून जातो, उरतो तो ५ इंचांचा. १० इंचांना ६.१ आणि ५ इंचांना ३.९ आले तर ५ इंचांचे २.२, इंचाला ०.४४. माल बरोबर आहे. तेच ०.५५ निघालं तर आधी फॉइलवर शंका घ्या, मग ऑक्साइडवर. ०.७ च्या पुढे गेलं तर लॅमिनेटच बदललेलं असण्याची शक्यता दाट. कूपनचा काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तांब्याचे दात पाहिले की पहिल्या दोन शंकांचा निकाल लागतो. कोअरच्या बाजूला दात उंच दिसले तर फॉइल चुकलं, प्रीप्रेगच्या बाजूला दिसले तर फॅबची प्रक्रिया.

कूपन मोजण्याआधी बोर्ड बेक करा आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्या. ओल धरलेला बोर्ड जास्त लॉस दाखवतो आणि फॅबशी विनाकारण वाद होतो. कूपन पॅनेलच्या कडेला न ठेवता निदान एक तरी मधोमध ठेवायला सांगा. कडेला एचिंग आणि रेझिनचा प्रवाह वेगळा असतो, तिथला आकडा तुमच्या बोर्डचा नसतो.